पडद्यावरचा मासा

२९ मे

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिस्टर कोस्की, राग आला की बोलू नका. लिहून काढा." रक्तदाबाच्या दोन गोळ्या देऊन झाल्यावर ही तिसरी गोळी. मारितने लगेच वही आणून टेबलावर ठेवली. माझी मुलगी एरवी माझं एक ऐकत नाही, डॉक्टरचं मात्र सगळं ऐकते.

तर लिहितो. आज रॅम्पवर क्ले डनिगनची नवी बोट बघितली. पुढे तीन टीव्ही, मागे दोन. बोट आहे की टीव्हीचं दुकान? ही सोनारची, म्हणजे आवाज सोडून पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राची, नवी जात. जुनं सोनार बोटीखालचा तळ दाखवायचं. ते माझ्याकडेही आहे, खडकावर आपटू नये म्हणून. हे नवं पुढे बघतं. पाण्यात आवाज सोडतं आणि शंभर फुटांवरचा मासा कुठे आहे, कुठे तोंड करून आहे, आमिषाकडे वळला की नाही, सगळं जिवंत चित्रासारखं दाखवतं. क्ले बोटीच्या टोकावर उभा राहतो, मान खाली, डोळे काचेत. समोर एवढं तळं आहे, झाडांना नवी पालवी फुटली आहे, गरुड घिरट्या घालतोय, याला पत्ता नाही. मासा दिसला की त्याच्या नाकासमोर आमिष टाकायचं. नाही घेतलं तर पुन्हा टाकायचं. मासा पळाला तर मोटर चालवून त्याच्या मागे.

याला मासेमारी म्हणतात. मग लोकांच्या खिडकीतून आत डोकावणाऱ्याला काय म्हणायचं?

मी या हॅचेट तळ्यावर चाळीस वर्षं गाईड आहे. लोक पैसे देऊन माझ्या बोटीत बसतात ते मस्कीसाठी. चार फूट लांब, दातांनी भरलेला आणि स्वभावाने माझ्यासारखा मासा. आठवडाभर गळ फेकून एखादा लागला तर मोठी माणसं आनंदाने रडतात. आम्ही त्याला मारत नाही. मोजतो, फोटो काढतो, सोडून देतो. तो सहज मिळत नाही म्हणून तर लोक त्याच्यामागे येतात, हे त्या दुकानदाराला कोण सांगणार?

मला तर बोलायचीही चोरी. मागल्या वर्षीपासून मारितच्या बोटीवर असलाच एक टीव्ही आहे. "गिऱ्हाईक मागतं, बाबा," म्हणते. गिऱ्हाईक उद्या सुरुंग मागेल.

३ जून

तळ्याकाठच्या घरमालकांच्या संघाची सभा झाली. अध्यक्ष लॉरेटा सोबचॅक. तिचं आमिषाचं दुकान आहे आणि गावातला एकही माणूस तिच्या तोंडाला लागत नाही. तळ्यात बोट उतरवायचा रॅम्प एकच आणि तो संघाच्या मालकीचा. मी उभा राहिलो आणि सरळ मांडलं, की पुढे बघणारे टीव्ही लावलेली बोट आपल्या रॅम्पवरून उतरू द्यायची नाही. मासे हैराण झालेत.

क्ले मागच्या बाकावरून म्हणाला, "मासे हैराण झालेत की आजोबा हैराण झालेत? मागल्या वर्षी किती मिळाले तुम्हाला?"

लोक हसले. माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले.

"या हंगामात दाखवतो," मी म्हणालो. "टीव्हीशिवाय. चार फुटी, एक नाही, चांगले मोजून दाखवतो. नाही मिळाले तर बोट विकतो आणि घरी बसून स्वेटर विणतो."

"रंग कुठला घेणार?" क्ले म्हणाला.

लॉरेटाने टेबलावर थाप मारली. "सप्टेंबरमध्ये मतदान. तोपर्यंत ज्याला जो पुरावा आणायचा तो आणा. आणि एल्डन, तू खाली बस, लाल झालायस."

परत येताना मारित गाडी चालवत होती. म्हणाली, "सगळ्यांसमोर कशाला बोललास, बाबा? आता ते तुला त्या शब्दाला धरून ठेवतील ना."

धरू देत. शब्द दिला तो दिला. जिंकलो तर तळं वाचेल, हरलो तर चाळीस वर्षं पाण्यात.

१९ जून

काही नाही. सोळा दिवसांत एक शेपटीसुद्धा हाताला लागली नाही.

मासे येतात. आमिषामागे बोटीपर्यंत येतात, मी कडेला गळाच्या काठीने आमिष पाण्यात आठच्या आकड्यासारखं फिरवतो. याच आठवर चाळीस वर्षं मासे धरले. आता ते एक वळण घेतात, माझ्याकडे बघतात आणि दगड सोडल्यासारखे खाली जातात. शिकागोकडचं एक जोडपं आज बोटीत होतं. नवरा दर अर्ध्या तासाने विचारायचा, "तुमचा स्क्रीन कुठे आहे?" शेवटी म्हणालो, "घरी आहे, त्यावर फुटबॉल बघतो." ते दुपारीच उतरले. उद्याच्या दिवसासाठी त्यांनी क्लेला फोन केला, आणि तोही माझ्या धक्क्यावर उभं राहून!

संध्याकाळी मारितला सांगितलं. ती म्हणाली, "मी बघते ना त्यांना. मागल्या वर्षी बोट अगदी जवळ गेली तरी हलायचे नाहीत. आता साठ फुटांवर बोट आली की तोंड फिरवतात आणि खोल जातात. सारखं कोणी ना कोणी नाकावर काहीतरी आपटत असतं त्यांच्या. थकलेत, बाबा."

"हे मी सभेत सांगणार."

"पडद्यावर बघून कळलं, हेही सांगशील?"

"ते कशाला सांगायचं?"

ती हसली नाही. बशा धुवायला गेली.

२३ जून

जेवलो नाही. बोटीची किंमत काय येईल ते लॉरेटाच्या भावाला विचारून आलो. मारितने ऐकलं. नुसती दारात उभी राहिली. तशी उभी राहिली की मला तिच्या आईची आठवण होते, आणि त्याचाही राग येतो.

२५ जून

मिळाला!

सकाळी मारित कॉफी घेऊन आली. बूट ओले, केसांवर धुकं. म्हणाली, "बाबा, आज चर्चसमोरच्या पाण्याखालच्या उंचवट्याकडे जा. पण वर नको. बाहेरच्या अंगाला, पाणी वीस फूट होतं ना, तिथे. आमिष खोल चालव."

"तिथे कधी मासा असतो का?"

"आपलं मला वाटतंय."

गेलो. तिसऱ्या फेकीला काठी अशी वाकली की गिऱ्हाईक ओरडलं. चार फुटांना दोन बोटं कमी, पण मस्की तो मस्की. पाण्यातच जाळ्यात मोजला, सोडला.

याला म्हणतात रक्त. मी काही शिकवलं नाही तिला. माझ्या बोटीत बसून बसून तळं अंगात भिनलं पोरीच्या. टीव्ही विकत घेतलाय खरा, पण आतून ती कोस्कीच आहे. रात्री दोन ब्रँडी घेतल्या आणि तळलेलं चीज खाल्लं. डॉक्टरीणबाईंना कळवायचं नाही.

६ जुलै

आणखी दोन. त्यातला एक भरघोस चार फुटी! मारित सकाळी म्हणते आज बीव्हर टोकाच्या सावलीत जा, मी जातो, मासा तिथे असतो. काल तर म्हणाली, "तोंड पश्चिमेला असेल त्याचं, उजवीकडून फेक." मी म्हणालो, "तू काय त्याच्याशी बोलून आलीस?" ती एकदम लाल झाली. कौतुक केलं की लाजते, लहानपणापासून तशीच आहे.

लॉरेटाच्या दुकानात आज तोंड वर करून गेलो. ती आमिषाच्या डब्या लावत होती. म्हणाली, "मारित हल्ली फार लवकर उठते रे. उजाडायच्या आत तिची बोट तळ्यात फिरत असते. पडद्याचा उजेड माझ्या स्वयंपाकघरातून दिसतो."

"कष्टाळू आहे पोरगी. गिऱ्हाइकांसाठी आधी बघून ठेवते."

"गिऱ्हाइकांसाठी," लॉरेटा म्हणाली. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. बाईला वाटतं अध्यक्ष झालं म्हणजे सगळ्यांच्या घरात नाक खुपसायचा परवाना मिळाला.

१७ जुलै

उकाडा. आठवडाभर वारा नाही. आमच्या गाईड लोकांत एक रीत आहे, ती कुठे लिहिलेली नाही, पण मोडणाऱ्याशी कोणी बोलत नाही. पाणी ऐंशी अंशाच्या वर गेलं, आमच्या फॅरनहाइटने, की मस्कीच्या वाटेला जायचं नाही. कोमट पाण्यात मासा झुंजतो, दमतो आणि सोडला तरी जगत नाही. तेव्हा बोटी बांधायच्या आणि बायकोने सांगितलेली कामं करायची.

आज सकाळी माझ्या धक्क्याखालचा थर्मामीटर बघितला. एकोणऐंशी. चाळीस वर्षं तोच थर्मामीटर, बोटघराच्या सावलीत टांगलेला. मी आमिषं घेतली.

मारित धावत आली. "आज नको जाऊस, बाबा. पाणी तापलंय."

"एकोणऐंशी आहे."

"धक्क्याखाली आहे. बाहेर..."

"कालच तू म्हणालीस ना, खोल खड्ड्याच्या तोंडाशी मोठा मासा असेल असं वाटतंय? मग?"

"काल म्हणाले. आज म्हणतेय नको."

वाद नको म्हणून मी मोटर सुरू केली. आणि काय सांगू, होता तिथेच! चार फूट तीन इंच. आयुष्यात असे चार-पाचच पाहिले. म्हातारी मादी, शेपटीचा वरचा कोपरा फाटलेला, जुनी जखम. बराच वेळ झुंजली. गिऱ्हाईक नव्हतं बोटीत, मी एकटा. मतदानासाठी फोटो नीट यायला हवा होता. पहिल्यांदा फोनने फोटोऐवजी चित्रफीतच काढली. दुसऱ्यांदा ऊन समोरून आलं. मोजपट्टीचे आकडे दिसायला हवेत, नाहीतर क्ले म्हणेल आजोबांनी हात पुढे करून मासा मोठा केला. एवढ्यात मारितची बोट आली. लांबूनच ओरडत होती, "पाण्यात ठेव तिला! बाबा, पाण्यात ठेव!"

"ठेवतो ग. तू फोटो काढ, लवकर होईल."

तिने काढला. चांगला आला. मग मादीला कडेला धरून ठेवली. जरा वेळ लागला, पण गेली. संथ गेली, घाई नाही, राणीसारखी.

मारितचा चेहरा पांढरा पडला होता. टीव्ही घेऊनही असला मासा तिला अजून मिळालेला नाही. वाईट वाटणारच. मी तिला म्हणालो, "तुलाही मिळेल." त्यावर ती जे बघायला लागली माझ्याकडे, ते बघणं मला अजिबात आवडलं नाही.

१९ जुलै

राग आलाय, म्हणून लिहितो.

बीव्हर टोकाच्या लव्हाळ्यात मेलेली मस्की तरंगत होती. चार फुटांच्या वर. पोट वर, डोळे पाणपक्ष्यांनी काढलेले, शेपटी कुरतडलेली. कासवांची कामं. ऐन उकाड्यात खोल थंड पाण्यात निवांत पडलेल्या माशाला शोधून काढून वर कोण ओढणार? ज्याला तो दिसतो तोच ना? टीव्हीवाला!

मारित माझ्याबरोबर होती. पाण्यात उतरली, मासा उलटा केला, शेपटी हातात धरून बघत राहिली. मी म्हणालो, "काय बघतेस, कासवाने खाल्लीय." ती रडायला लागली. पस्तिशीची बाई, पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी राहून रडते. तिला माशांची माया आहे, मी कधी नाकारलं नाही.

"पुरून टाकू या हिला, बाबा. आत्ताच."

"आधी फोटो. हा माझा पुरावा आहे."

"नको ना."

"नको काय? क्लेला असा मोकळा सोडू?"

तिथून सरळ लॉरेटाच्या दुकानात. क्ले थंड सरबत पीत बसला होता. मी त्याच्यासमोर फोन धरला. "बघ. बघ तुझ्या टीव्हीची करामत."

"मी बुधवारपासून बोट उतरवलेली नाही," तो म्हणाला. आज पहिल्यांदाच त्याने आजोबा म्हटलं नाही. "पाणी चौऱ्याऐंशी आहे बाहेर. टीव्हीवाला असलो तरी तेवढं मला कळतं."

"खोटारडा."

"रॅम्पच्या नोंदी लॉरेटाकडे आहेत. विचारा."

लॉरेटा म्हणाली, "नाही उतरवली त्याने, एल्डन."

मग दुसऱ्या कोणीतरी. टीव्हीवाले काय तो एकटाच आहे? सगळे एका माळेचे मणी. लॉरेटासुद्धा गिऱ्हाईक सांभाळून बोलते.

१३ सप्टेंबर

जिंकलो.

शाळेच्या जिममध्ये सभा होती, खुर्च्या कमी पडल्या. मी दोन फोटो मोठे करून नेले होते. एक माझ्या हातातल्या राणीचा. "हा टीव्हीशिवाय धरलेला, मोजलेला, सोडलेला मासा." दुसरा मेलेल्या माशाचा. "आणि हा टीव्हीने धरलेला." शब्द कमी आणि सरळ. मासे बोटीला कसे घाबरायला लागलेत तेही सांगितलं, साठ फुटांपासून वळतात, खोल जातात, थकलेत. लोक चिडीचूप ऐकत होते.

क्ले उभा राहिला. "तो मासा मी मारलेला नाही," एवढंच म्हणाला. कोणी विश्वास ठेवला नाही. तो फोटोंकडे बघत होता, आधी एका, मग दुसऱ्या, मग मारितकडे.

लॉरेटाने विचारलं, "मारित, तुझ्याकडेही पडदा आहे. तुला काही बोलायचंय?"

मला वाटलं आता ही माझ्याविरुद्ध उभी राहते की काय. मारित उठली. दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरली होती. म्हणाली, "मासे खरंच थकलेत. मी रोज बघते. पडदा हातात असला की माणसाला थांबता येत नाही. कोणालाच येत नाही. मलासुद्धा नाही आलं." आणि बसली. मतदानाला बंदीच्या बाजूने हात वर केला. माझ्या पोरीने!

थोड्याच मतांनी, पण बंदी झाली. उद्यापासून लागू. लोकांनी पाठीवर थापा मारल्या. दाराशी क्ले मारितला म्हणाला, "तू बोलली असतीस तर." ती म्हणाली, "माहितेय." काय बोलली असती, ते मला कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, "घरी चल, बाबा."

१६ सप्टेंबर

ती चालली. मिनेसोटात, कॅनडाच्या सीमेजवळ एका मोठ्या तळ्यावर. तिथल्या रिसॉर्टला गाईड हवा आहे आणि तिथे टीव्ही चालतो.

"बंदीला हात तूच वर केलास ना?" मी विचारलं.

"या तळ्यासाठी केला. त्याला विश्रांती हवीय."

"मग टीव्ही काढ आणि राहा. आपण दोघं. आता तर आपलंच तळं आहे."

"माझी गिऱ्हाइकं पडदा मागतात, बाबा. मलाही पोट आहे."

"पोटाचं मला सांगू नकोस. खरं काय ते सांग."

ती काठ्या बांधत होती. थांबली. "इथे राहिले तर रोज तुझ्याशी खोटं बोलावं लागेल. दमले मी."

"कसलं खोटं?"

ती पुन्हा काठ्या बांधायला लागली. बाप जिंकला हे हिला सहन होत नाही! मी आत गेलो आणि दार आपटलं. ट्रेलर जोडायला मदत केली नाही. एकटीने जोडला. मी खिडकीतून बघत होतो, दिवा लागत नव्हता मागचा, तिने दोनदा तार काढून लावली. जाऊन लावून द्यायला हवा होता, पण नाही गेलो.

२ ऑक्टोबर

मेलेल्या माशाचा फोटो रॅम्पच्या फलकावर लावला. काचेखाली, मोठा. वर मी लिहिलं: "पडद्याने मारलेली मस्की. हॅचेट तळ्यावर पुन्हा नाही." लॉरेटा म्हणाली, एवढं कशाला, नियम झालाय ना. मी म्हणालो, लोक नियम विसरतात, मेलेला मासा विसरत नाहीत. खिळे मीच ठोकले.

ऑक्टोबर म्हणजे मस्कीचा महिना. पाणी थंड, मासा भुकेला. तळ्यावर एकही टीव्ही नाही. आता बघा.

११ ऑक्टोबर

काही नाही.

चर्चचा उंचवटा, बीव्हर टोक, खोल खड्डा, सगळीकडे गेलो. मारित सांगायची त्या एकूण एक जागी. बाहेरच्या अंगाला, आतल्या अंगाला. फेकून फेकून खांदा धरलाय. मिलवॉकीची दोन माणसं तीन दिवसांसाठी आली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना अचानक घरची कामं आठवली.

टीव्हीवाल्यांनी तळं नासवून ठेवलं. मासा विसरत नाही. त्याला विसरायला वर्षं लागतील. भोगायचं मात्र मी!

१८ ऑक्टोबर

काही नाही. दुकानात एक माणूस दुसऱ्याला हळूच म्हणाला, "पोरगी गेली आणि मासे गेले." मी वळलो तसा गप्प झाला. याचा अर्थ काय? तिच्या नशिबाने मिळत होते असं म्हणायचंय यांना?

१९ ऑक्टोबर

मारितला फोन केला. मीच केला, महिन्यात पहिल्यांदा. तिच्याकडे वाऱ्याचा आवाज येत होता. हवापाणी झालं. मग म्हणालो, "हे बघ, इथे दक्षिणेचा वारा आहे, पाणी पन्नाशीत आलंय. तुला नेहमी आतून वाटतं ना. सांग, उद्या कुठे जाऊ?"

ती बोलेना.

"मारित?"

"इथून मला दिसत नाही, बाबा."

"दिसायचं काय त्यात? वाटतं ते सांग."

"मला कधीच काही वाटलं नव्हतं," ती म्हणाली. मग एकदम भडकली, माझीच मुलगी ती. "एवढं कसं कळत नाही रे तुला? मी अंधारात उठून शोधायचे! मासा सापडेपर्यंत फिरायचे आणि मग घरी येऊन तुला कॉफी द्यायचे! बोट विकायला निघाला होतास तू, जेवत नव्हतास. काय करायला हवं होतं मी?"

"म्हणजे सगळे?"

"सगळे."

"राणी?"

"तीसुद्धा. आदल्या दिवशी सांगितली मी तुला. मीच सांगितली." आणि तिचा आवाज फुटला. "तो फोटो लावलायस ना तू रॅम्पवर. लॉरेटाने सांगितलं. एकदा नीट बघ जाऊन. कासवं बिसवं काही नव्हतं, बाबा."

मी फोन ठेवला. आधी भिंतीवर आपटणार होतो, मग ठेवला.

मला फसवलं. उभ्या गावासमोर फोटो हलवत उभा होतो मी, आणि ती खाली बसून बघत होती. क्लेला कळलं, लॉरेटाला कळलं, दुकानातल्या बावळटांना कळलं. भीक मागितली होती का मी? एकही मासा नसता मिळाला तरी चाललं असतं. बोट विकली असती. स्वेटर विणला असता. स्वतःच्या बापाला कोणी असं वागवतं का? लहान पोराला सायकल शिकवताना मागून धरतात तसं धरून ठेवलं मला, आणि मी आपला पायडल मारतोय, ओरडतोय, बघा बघा, एकट्याने चालवतोय!

आणि कासवाबद्दल ती काय म्हणाली ते मी लिहिणार नाही.

२१ ऑक्टोबर

काल दिवसभर घराबाहेर पडलो नाही. आज सकाळी रॅम्पवर गेलो. फलकासमोर उभा राहिलो. एका हातात फोन, त्यात माझा फोटो, जुलैचा, ऊन छान आलेला. दुसरा समोर काचेखाली. दोन्हीकडे शेपटीचा वरचा कोपरा. तीच जुनी जखम, कडेला पांढरट पडलेली. कासवाने कुरतडलं होतं ते खालच्या बाजूला. वरचं काही त्यांनी खाल्लं नव्हतं.

खिळे मीच ठोकले होते, निघता निघेनात. लॉरेटा दुकानातून आली आणि हातोडी माझ्यापुढे धरली. काही विचारलं नाही. न विचारणाऱ्या माणसाचा किती राग येतो ते डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं.

"रंग उडेल म्हणून काढतोय," मी म्हणालो. "उन्हाने."

"हं," ती म्हणाली. आठवडाभर नुसते ढग आहेत.

"आणि त्या डनिगनचा नंबर दे मला."

"कशाला?"

"द्यायचा तर दे."

तिने दिला. केला फोन. उचलल्यावर मी सांगितलं, "तो मासा तू मारलेला नाहीस." क्ले म्हणाला, "माहितेय, आजोबा." बस. शिव्या तोंडात भरून ठेवल्या होत्या मी, तो एक वाकडा शब्द बोलला असता तर सगळ्या दिल्या असत्या.

संध्याकाळी मारितला केला. तिने पहिल्याच घंटीला उचलला, म्हणजे हातातच धरून बसली होती. मला खूप बोलायचं होतं. पहिलं, तू मला फसवलंस. दुसरं, पुन्हा असं कधी करायचं नाही. तिसरं, राणीची ती गोष्ट, जी काय ती. तोंडातून निघालं एवढंच, "फोटो काढला."

"बरं केलंस."

मी वाट बघत होतो. आता ही बोलेल, आता सगळं काढेल, फेड म्हणेल, हक्क आहे तिचा, मग मलाही चार शब्द बोलता येतील. तिकडे वारा वाहत होता आणि ती नाक पुसत होती.

"जेवलास का, बाबा?" तिने विचारलं.

इतका राग मला अख्ख्या हंगामात कोणाचा आला नव्हता.